पानी, पाकिस्तान आन माझं मत

त्या दिवशी मारुतीच्या देवळाम्होरं कोन कोन हुतं ते आदी सांगते, म्हंजी म्होरं घोळ व्हायाला नगं. माझं सासरं हुतं, ते मागच्या मोठ्या लढाईला इंग्रजाच्या पलटनीतनं जाऊन आल्यालं. सासू हुती. थोरली जाऊ हुती, तिचं मालक मुंबईला गिरनीत. गावचं सरपंच हुतं. शिंपी चाचा हुते, मुसलमानाचं गावात तेवढंच घर, आन रेडिओ बी त्यांच्याच दुकानात. मत मागाया जीपमधनं आल्याला सायेब हुता, त्याच्यासंगं तबकं घिऊन आल्याल्या दोन शहरातल्या बाया हुत्या. बाकी सारं गाव. आन मी हुते, बावीस वर्साची, कडंवर पोरगी घिऊन. माझा मालक तेवढा नव्हता, आन जे झालं ते त्याच्यापायीच झालं.

नावं मी कुनाचीच घालत न्हाई. निम्मी मानसं गेली, निम्म्यांची लेकरं अजून गावात नांदत्यात, त्यास्नी तरास नगं. मी तिसरीपातूर शाळंत गेले. वाचता येतं सावकाश, पन लिव्हाय बसलं की बोटं वळत न्हाईत. म्हनून मी सांगतीया आन लेक लिव्हून घेतीया, हितं सांगलीला विश्रामबागेत, तिच्या घराच्या गॅलरीत बसून. त्या दिवशी कडंवर हुती ती हीच. तिला म्हनलं, मी बोलते तसंच लिव्ह, सुधराया जाऊ नगंस.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. जमीन हाय, पन आभाळ देईल तसं पिकायचं. मेंढरं, शेरडं, थोडी बाजरी. बापई मानसं दोनच ठिकानी जायाची, एक मुंबईला न्हाई तर पलटनीत. गावात बाया, म्हातारी आन लेकरं. मनीऑर्डरीवर घरं चालायची. माझा मालक पलटनीतला. लगीन झालं तवा एक महिन्याची रजा घिऊन आला हुता, मग वर्सातनं एकदा. आमी एकमेकास्नी नीट वळखाय लागलो तवर लढाई लागली.

एकाहत्तरची लढाई मार्गशीर्षात झाली. आमच्याकडं बाया गुरुवारचं उपास धरत हुत्या, तिकडं तोफा चालल्या हुत्या. चाचांच्या दुकानात संध्याकाळी बातम्या लागायच्या, सारं गाव दाराम्होरं गोळा व्हायचं. बाया जरा लांब, भित्तीच्या आडुशाला. एक दिवस बातमी आली, आपुन जिंकलो. गावात गुलाल उधळला. म्या बी लावून घेतला. आठवडा गेला आन सरकारी कागद आला. मास्तरांनी वाचून दाखवला. मालक बेपत्ता हाय म्हनून त्यात लिव्हलं हुतं.

बेपत्ता म्हंजी काय, ह्येच कुनाला कळंना. मेला म्हनावं तर तसं लिव्हलं न्हाई, जिता म्हनावं तर तसं बी न्हाई. बैल हरावला तर मानूस शोधाया जातं. ह्येला शोधायचं कुटं?

सासू पायरीवर बसली हुती. तिनं कागद हातात घेतला, वाचता तर येत नव्हतं, तरी उलटा सुलटा करून बघितला आन म्हनली, "माझ्या सुनंच्या कपाळाला कुनी हात लावायचा न्हाई. समदं पक्कं कळंपातूर न्हाई."

तिनं सांगितलं ते घरात चाललं. पन संक्रांत आली तवा गावातल्या बाया कोड्यात पडल्या. वान द्यायचं का न्हाई हिला? कुंकू लावावं का न्हाई? कुनी वाईट नव्हतं, पन कुनाला चूक बी व्हायाला नगं हुती. मग ज्या त्या बाईनं माझं घर टाळलं. दारावरनं जायच्या आन पलीकडच्या घरात शिरायच्या. मी चुलीम्होरनं बघायची. सासू तवा सोताच तीळगूळ घिऊन आली, मला कुंकू लावलं आन म्हनली, "खा."

मग एक दिवस निरोप आला की जतकडचा एक शिपाई, मालकाच्याच कंपनीतला, पायाला गोळी लागून घरी आलाय. मामंजी म्हनले, चल. मी आन मामंजी, पोरगी कडंवर, यस्टीनं निगालो. त्यात दोनदा गाडी बदलली. जतच्या अलीकडं उतारलो आन मेंढरांच्या वाटंनं चालत गेलो. तितली भाषा निम्मी कानडी. त्या शिपायाची म्हातारी दारात येऊन म्हनाय लागली, "बर्री, कुडरी." मला कळंना, पन तिनं घोंगडं टाकलं तवा कळलं, या, बसा म्हनतीया.

शिपाई बाजंवर पडल्याला. त्यानं सांगितलं, कालव्याच्या बांधावर आमी हुतो, रात सगळी लढलो, पहाटं दारूगोळा सपला. "मी नाल्यात पडलो हुतो. तितनं म्या बघितलं, तुमच्या पोराला हात वर कराय लावून घिऊन गेलं. चालत गेला त्यो. सोताच्या पायानं चालत गेला."

मामंजींनी दोनदा इचारलं, "चालत गेला?"

"चालत गेला, दाजी. खोटं सांगून मला काय मिळायचंय?"

माघारी येताना दहिवडीत उतारल्यावर मामंजी म्हनले, "सूनबाई, त्यो त्यांच्या कैदंत हाय. कैद्याला मारत न्हाईत. मी पलटनीत हुतो, मला ठावं हाय. पन सोडवून आनावं लागतं. ते काम आपल्या सरकारचं."

तवापासनं माझ्या मनात ह्येच बसलं. सोडवून आनावं लागतं. आपुआप येत न्हाई मानूस.

चाचांच्या रेडिओवर कवा कवा तिकडचं ठेसन लागायचं. तिकडं कैद्यांची नावं सांगत्यात असं कुनीतरी म्हनलं. मामंजी रोज जाऊन बसाय लागले. खरखर व्हायची, मधीच उर्दू, मधीच गानं. गावातल्या एका टोळक्यानं चाचांस्नी टोचलं, "काय चाचा, मामाच्या गावची खबरबात ऐकताय व्हय?" चाचा मशीन चालवत म्हनले, "माझा मामा पुसेगावात हाय. पन हेंचा ल्योक तिकडं हाय, म्हनून ऐकतोय. तुमी बी बसा, कान तरुन हायती तुमचं." मामंजींनी नुसतं वर बघितलं. टोळकं गेलं. मालकाचं नाव काय त्या रेडिओवर कवा ऐकाय आलं न्हाई.

आन मग इलेक्शन आलं.

ते इलेक्शन मुंबईच्या राज्याचं हुतं, दिल्लीचं न्हाई. दिल्लीचं आदल्या वर्सी झालं हुतं. पन भाषनं सारी लढाईचीच. भित्तीवर चुन्यानं लिव्हल्यालं बी तेच. आपुन जिंकलो, म्हनून आमाला मत द्या. आन आमच्याकडं काय चाललं हुतं? आड आटलं हुतं. पानी एका झऱ्यातनं वाटीनं भरायचं. टँकर आला तर आला. खडी फोडायचं काम निघालं हुतं, त्यावर बाया जायच्या.

आमच्या गावची रीत अशी की मत सारं एकगठ्ठा. पारावर जानती मानसं बसायची, कुनाला द्यायचं ते ठरायचं, मग घरोघर निरोप. बायकांस्नी तर शिक्का कुटल्या चित्रावर मारायचा तेवढंच सांगायचं. ह्या येळी सरपंचांनी बोलनं केलं हुतं, जीपवाल्या सायबाला सारं गाव मत देनार आन सायेब गावाला पाझर तलाव देनार. ह्यात वाईट काय न्हाई. पान्यासाठी मत दिलं तर त्यो गुन्हा न्हाई. मी बी त्यावर राजी हुते.

सायेब आला. देवळाम्होरं सतरंज्या टाकल्या, कर्ना लावला. बोलाय लागला, "आपल्या शूर जवानांनी दुश्मनाला पाणी पाजलं."

माझी थोरली जाऊ पदराआडनं म्हनली, "दुश्मनाला पाजलं, आता आमाला बी पाज बाबा." बाया हसल्या. मला बी हसू आलं.

भाषन झाल्यावर पलटनीतल्या घरांचा सत्कार हुता. गावात अशी तीन घरं. पयल्या घरच्या बाईला बोलावलं. शहरातल्या बाईनं तिला हळद-कुंकू लावलं, खन-नारळानं वटी भरली. दुसऱ्या घरचीला तसंच. मग कर्न्यातनं आवाज आला, "आणि आता या गावच्या हुतात्म्याच्या वीरपत्नीचा सन्मान."

म्या आजूबाजूला बघितलं. हुतात्मा कोन आमच्या गावात? मग बघते तर ती बाई दुसरं तबक घिऊन माझ्याकडंच आली. त्यात नारळ हुता, पांढरं पातळ हुतं. हळद-कुंकू नव्हतं. तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं, तितं कुंकू हुतं, आन ती बी गोंधळली. तबक तसंच धरून हुबी ऱ्हायली.

कुनीतरी तालुक्याला चुकीचं सांगितलं असंल. बेपत्ता म्हंजी मेला, असं धरलं असंल. मुद्दाम कुनी केलं न्हाई. पन साऱ्या गावाम्होरं माझ्या हातात ते पांढरं पातळ आलं तर उद्यापासनं मी रांडाव. मग सासूनं कितीबी म्हनू दे. आन मालक मेला असंच साऱ्यांनी धरलं, तर त्याला सोडवाय कोन जानार? मेलेल्या मानसाला कोन सोडवून आनतं?

मी म्हनले, "मला ह्ये नगं. आमचं मालक जिते हायती."

सायेब खाली वाकून म्हनला, "काय म्हणतायत त्या?"

म्या पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. सायबानं कागद चाळला. "ताई, कोणत्या जवानाबद्दल म्हणताय? नाव सांगा त्यांचं."

आता ह्ये आजच्या पोरींना कळायचं न्हाई. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. उखान्यात घ्यायचं तेवढंच, ते बी लाजत. रेशनच्या दुकानात इचारलं तर शेजारीन सांगायची. दीर सांगायचा, लेकरू सांगायचं. त्यातनं सासऱ्याम्होरं, देवाच्या दारात, साऱ्या बापयांत? म्या मामंजींकडं बघितलं, ते सांगतील म्हनून. मामंजी हुबं ऱ्हायले हुते. पन त्यांच्यानं नाव घेववंना. लेकाला हुतात्मा म्हनल्यालं त्यास्नी सोसलं नव्हतं. जाऊ गप. सरपंच खाली बघत हुते.

मग म्या घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, पलटन, नंबर. एका दमात. नंबर मनीऑर्डरीवर असायचा, त्यो मला पाठ हुता.

बायांत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हनली, "आगं बया, घेतलं की हिनं." पन माझं थांबलं न्हाई. एकदा त्वांड उघडलं की सारंच बोलून टाकावं. मी म्हनले, "ते पाकिस्तानात हायती, कैदंत. बघितल्याला मानूस हाय जतला. तुमी लढाई जिंकली म्हनून मत मागताय. चांगलं झालं जिंकली. पन मानसं माघारी कवा आनताय ते सांगा."

सायेब हसला, वाईट हसला न्हाई, लेकराला समजवावं तसा हसला. "ताई, परराष्ट्र धोरण हा दिल्लीचा विषय आहे. ही निवडणूक राज्याची आहे. इथं रस्ते, पाणी, शाळा हे प्रश्न असतात."

"मग भाषनात रस्ता न्हाई आला, शाळा न्हाई आली, लढाईच कशी आली?"

कोन हसलं ते म्या बघितलं न्हाई, पन हसलं कुनीतरी. सायबानं घड्याळ बघितलं. म्होरच्या गावाला उशीर झाला म्हनाला. चुकीबद्दल हात जोडलं, तेवढं मातर केलं त्यानं. जीप गेली.

घरी आल्यावर सासू कायतरी बोलंल म्हनून मी वाट बघत हुते. तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, "घेतलंस ते बरं केलंस. पन आता माझ्याम्होरं परत घिऊ नगंस. सवय लागायची." मी व्हय म्हनले.

दुसऱ्या दिवशी मी चाचांस्नी इचारलं, "चाचा, ते परराष्ट्र धोरन म्हनला त्यो, म्हंजी काय?" चाचा सुईत दोरा ववत हुते. म्हनले, "दुसऱ्या देशासंगं कसं वागायचं, कवा भांडायचं, कवा बोलायचं, काय द्यायचं, काय घ्यायचं. ते."

"म्हंजी बांधावरच्या भावकीसारखंच की."

"तसंच. फकस्त हितं काठ्या, तितं तोफा."

पारावर बैठक बसली तवा मी गेले. बायांनी पारावर जायाची रीत नव्हती, मी खाली हुबी ऱ्हायले. सरपंचांस्नी म्हनले, "आवं, तलावाच्या बोलन्यात एक बोलनं घाला. सायबानं मामंजींस्नी घिऊन सातारला कलेक्टरकडं जावं. दिल्लीला आपलं जे निवडून गेल्यालं हायती त्यांच्याकडं न्यावं. आमचं मालक जिते हायती, कैदंत हायती, एवढं तरी सरकारात लिव्हून घ्यावं."

सरपंच वाईट मानूस नव्हता. गावात पानी यावं म्हनून त्यानं चपला झिजवल्या हुत्या. म्हनला, "पोरी, जुळल्यालं बोलनं त्यात बिघडंल. एका मानसापायी गाव तान्हेलं ठिवायचं व्हय?"

त्यापेक्षा लागलं ते जावंचं. ती माझ्या मागंच हुती. म्हनली, "तुझा एक हाय तिकडं. माझी तीन हितं हायती, वाटीनं पानी पित्यात. मला सांग, मी कशावर शिक्का मारू?"

तिचं काय चुकलं हुतं? कायच न्हाई. मी बी त्याच झऱ्यावर तिच्या मागं घागर लावून बसायची. मी तिला म्हनलं, "अक्का, तू पान्यावर मार. मी अडवत न्हाई. पन माझं मत त्या गठ्ठ्यात धरू नगा."

सरपंच मामंजींकडं बघाय लागलं. घरातली मतं घरच्या कर्त्याच्या हातात, असंच चाललं हुतं. मामंजी म्हनले, "ह्या खेपंला आमच्या घरात ज्याचं मत त्यानं द्यायचं." एवढंच बोलून उठलं.

तवापासनं गावानं मला नाव पाडलं, पाकिस्तानवाली. पानवठ्यावर गेलं की कुनीतरी म्हनायचं, सरका गं, पाकिस्तानवाली आली. मी घागर लावायची. बोलत्यात ते बोलू देत, घागर तर भरायलाच पायजे.

दुसरा एक उमेदवार हुता. त्याला ना जीप ना कर्ना. सायकलवरनं आला, शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसला. पायात धुरळा. त्याला म्या तेच इचारलं. त्यो म्हनला, "माझ्या हातात न्हाई वं ते. निवडून आलो तरी न्हाई. तुमाला कशाला फशिवू? पन सातारला तुमच्यासंगं येतो. अर्ज लिव्हून देतो."

आन आला त्यो. मत पडायच्या आदी आला. मामंजी, मी आन त्यो, कचेरीत तासनतास बसलो. जतच्या शिपायाचं म्हननं त्यानं अर्जात घातलं. तितल्या सायबानं इचारलं, ह्ये कोन तुमचं? मामंजी म्हनले, "कोन न्हाई. मत मागाया आल्यालं हायती." सायेब बघतच ऱ्हायला. अर्ज घेतला. शिक्का मारून म्होरं पाठवतो म्हनला. माझं मालक कचेरीत तरी मेल्यालं ऱ्हायलं न्हाईत.

शिमगा झाला आन मत आलं. शेजारच्या गावच्या शाळंत. रांगंत तास गेला. मास्तरनं यादीत बोट ठिवून इचारलं, नवऱ्याचं नाव? मागची बाई सांगाया म्होरं सरकली, पन म्या सोताच घेतलं. दुसऱ्यांदा जड गेलं न्हाई. बोटाला शाई लावली. आत गेले आन सायकलवाल्याच्या चित्रावर शिक्का मारला.

त्यो पडला. लय मतांनी पडला. जीपवाला आला निवडून. गावानं मला चिडवलं, "काय पाकिस्तानवाली, वाया गेलं की मत." मी म्हनले, "माझं हुतं, म्या दिलं. वाया कसं जाईल?"

आन खरं सांगायचं तर जीपवाल्यानं तलाव दिला. दुस्काळी कामात घेतला त्यो. त्या तलावावर माती म्याच वाहिली, खडी म्याच फोडली, जाऊ आन मी एकाच टोपलीला हात लावून. म्होरं त्यात पानी साठलं, ते बी पिले. म्हनून मी कुनाला नावं ठिवत न्हाई. पान्याचं मत पान्याच्या जागी बरोबर हुतं.

पावसाळ्याच्या तोंडाला, पाऊस तर नव्हताच त्या वर्सी, चाचा दुकान उघडं टाकून आमच्या दारात आले. म्हनले, रेडिओवर सांगितलं, दोनी देशांची मोठी मानसं एका थंड हवेच्या गावी भेटली, बोलनं झालं, करार झाला. पारावर मानसं तापली. लढून घेतल्याली जमीन माघारी द्यायची म्हनत्यात, कसलं सरकार ह्ये? असल्याला परत मत द्यायचं न्हाई. एकजन मामंजींस्नी म्हनला, "तुमी तर शिपाई मानूस. तुमाला राग येत न्हाई?"

मामंजी म्हनले, "जमीन हाय तितंच ऱ्हाती, बाबा. मानूस ऱ्हात न्हाई. बोलाय लागलं एकमेकांसंगं, आता मानसं येतील."

तरी लगीच आली न्हाईत. म्हयनं गेलं. मी तलावावर जात हुते, येत हुते. कुंकू रोज लावत हुते. थंडी पडाय लागली तवा एक दिवस तार आली. तार म्हनल्यावर सासूनं खांब धरला. मास्तरांनी वाचली. कैदी सुटलं, त्यात मालक हुते.

घरी आले तवा पोरीनं वळखलं न्हाई. मी बी जरा उशिरानं वळखलं. गळ्याची हाडं वर आली हुती, केस बारीक. मामंजींच्या पाया पडले. मामंजी म्हनले, "चालत आलास?" ते म्हनले, "यस्टीनं आलो, आबा." मग दोघंबी हसले.

तितलं ते लय बोलायचे न्हाईत. एकदा बोलले ते सांगते. म्हनले, तितं एक पहारेकरी हुता, त्याचा भाऊ आपल्याकडं कैदंत हुता. त्यांचं लय लोक आपल्याकडं धरल्यालं हुतं. त्यो रोज इचारायचा, तुमच्याकडं आमच्या मानसांस्नी खायाला काय देत्यात? मालक म्हनायचे, आमी खातो तेच देत असतील. मग त्यो ह्यांच्या ताटलीत रोटी जास्त टाकायचा. मालक म्हनले, "आमी बराकीत रातंदिस एकच बोलायचो. आपल्या सरकारनं बोलनं सुरू केलंय का न्हाई. बाकी कशाचं काय नव्हतं आमाला."

म्या त्यास्नी म्हनलं, "हितं मत मागत हुते तवा ते सोडून सारं बोलत हुते."

त्या पहारेकऱ्याची वैनी कुटंतरी बसली असंल, माझ्यासारखीच. तिनं कुनाला इचारलं असंल? तिला मत हुतं का न्हाई, मला ठावं न्हाई. मला हुतं.

म्होरं आनीबानी झाली, ती उठली, दिल्लीचं इलेक्शन आलं. त्या खेपंला तर दिल्लीचंच हुतं. सभंत माझं मालक माझ्याशेजारी हुते. भाषनात नसबंदी आली, महागाई आली, तुरुंग आला. ते सारं यायलाच पायजे हुतं, आमच्याकडच्या बाप्यांस्नी बी धरून न्हेलं हुतं. मी हुबी ऱ्हायले आन इचारलं, शेजारच्या देशांसंगं तुमी कसं वागनार? लोक हसले. पाकिस्तानवाली सुटली परत, म्हनले. माझे मालक हसले न्हाईत. ते हुबे ऱ्हायले आन म्हनले, "ती इचारती त्याचं उत्तर द्या."

उत्तर नीट मिळालं न्हाई. पन तवापासनं दर इलेक्शनला मी इचारत आले. कवा मिळालं, कवा न्हाई. मालक गेले त्याला बरीच वर्सं झाली. घरात अंथरुणावर गेले, माझ्या हातचं पानी पिऊन गेले. ज्यांची मानसं त्या लढाईतनं माघारी आलीच न्हाईत, मेल्याची खबर न्हाई, जित्याची न्हाई, अशा बाया अजून हायती म्हनत्यात. त्यास्नी माझ्यासारखं झालं न्हाई.

लोक म्हनत्यात, बायामानसाला परदेशाचं काय करायचंय, तिला चूल बघू दे. चूल बघतच हुते मी. त्याच चुलीम्होरली एक जागा वर्सभर मोकळी हुती, ती हितल्या कुनाच्या हातानं भरनारी नव्हती. कुनीतरी कुठंतरी लांब बसून दुसऱ्या देशासंगं नीट बोललं तवा ती भरली. पान्याचं कळायला झऱ्यावर जावं लागतं. ह्ये मातर घरात बसूनच कळलं.

वाचनाऱ्याला माझं एक मागनं हाय. तुमच्या दारात मत मागाया कोन आलं तर पान्याचं आदी इचारा, ते सोडू नगा. पन त्यानं लढाईचं नाव काढलं, तर त्याला बसाय सांगा आन इचारा, मानसं माघारी आनायचं काय ठरवलंय. तुमच्या घरातलं कुनी पलटनीत नसलं तरी इचारा. आमच्यासारख्या घरांनी एकट्यानं इचारलं तर लोक हसत्यात. तुमी बी इचारलं तर हसायचे न्हाईत.